चार वर्षांच्या घोडीबरोबर सात किलोमीटर: पौडजवळच्या प्रशिक्षण रपेटीचा अनुभव

पौड ओलांडून मुळशी धरणाच्या दिशेने थोडे पुढे गेल्यावर एक कच्चा रस्ता भातखाचरांमधून डोंगराच्या पायथ्याशी जातो. त्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या या लहानशा अश्वारोहण केंद्राने हिवाळ्याच्या तोंडावर तरुण घोड्यांसोबतच्या प्रशिक्षण रपेटी सुरू केल्या. ज्याला घोड्यावर आधीपासून नीट बसता येते अशा व्यक्तीने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, नुकत्याच खोगिराला सरावलेल्या घोड्याला माळावरून, ओढ्यातून आणि गावरस्त्यावरून सावकाश फिरवून आणायचे, असे या सेवेचे स्वरूप आहे. मी डिसेंबरमधील एका रविवारी ही रपेट केली आणि जानेवारीत पुन्हा एकदा गेले. सात वर्षे घोडेस्वारी करूनही घोड्याविषयी जे मला उमगले नव्हते ते या दोन सकाळींत उमगले, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

ज्यांना घोडा भरधाव पळवायचा आहे किंवा घोड्यावर बसलेले स्वतःचे छायाचित्र हवे आहे, त्यांच्यासाठी ही सेवा नाही, आणि केंद्रही नाव नोंदवतानाच तसे स्पष्ट सांगते. अडीच तासांच्या सत्रात आम्ही जेमतेम सात किलोमीटर अंतर कापले. त्यात दुडकी चाल फार तर दहा मिनिटे झाली असेल, आणि चौखूर धावणे तर अजिबात नव्हते. घोड्याच्या साध्या चालीत चारही खूर एकामागून एक स्वतंत्रपणे जमिनीवर पडतात, त्यामुळे लक्ष देऊन ऐकले तर चार ठोके मोजता येतात. दुडकीत कर्णरेषेतील दोन-दोन पाय एकत्र पडत असल्याने दोनच ठोके येतात. त्या सकाळी बहुतेक वेळ माझ्या कानांत ते चार ठोकेच होते, आणि घोडी मनातून घाबरू लागली की त्यांचा ताल आधी बिघडतो हे मला पहिल्यांदाच समजले. शुल्क माणशी ३,२०० रुपये आहे. याच केंद्रात साध्या तासाभराच्या रपेटीचे १,२०० रुपये घेतात. त्या मानाने ही रक्कम जास्त वाटेल, परंतु तीनच स्वार, सोबत एक प्रशिक्षिका आणि एक अनुभवी मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा), शिवाय आधीची तयारी आणि नंतरची देखभाल धरून जवळपास चार तास जातात, हे पाहता मला ती वाजवी वाटली.

पुणेकरांना घोडा काही नवा नाही. कॅम्पातील रेसकोर्सवर पावसाळ्यात शर्यतींचा हंगाम भरतो, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना घोड्यावर बसवतात, आणि लग्नसराईत वरातीची घोडी तर गल्लोगल्ली दिसते. आपल्या भीमा खोऱ्यातील भीमथडी घोड्यांच्या बळावर मराठ्यांचे घोडदळ मजला मारत असे, हेही आपण अभिमानाने सांगतो. मात्र या सगळ्या ठिकाणी आपल्या वाट्याला येतो तो आधीच तयार झालेला घोडा. बँडच्या गोंगाटात उभी राहणारी घोडी एके काळी प्लास्टिकच्या पिशवीलाही बुजत असणार, आणि कोणीतरी दिवसेंदिवस तिच्याबरोबर चालून तिची ती भीती घालवली असणार, हे आपल्या डोळ्यांआड राहते. पैसे देऊन येणाऱ्या स्वाराला ते काम जवळून पाहू देणे, इतकेच नव्हे तर त्यात त्याचा हात लागू देणे, हे या केंद्राचे मला सर्वांत मोलाचे वाटलेले वेगळेपण आहे.

नोंदणी दूरध्वनीवर होते. वय, वजन, किती वर्षे स्वारी करता, शेवटचे कधी पडलात आणि धनुर्वाताची लस घेतली आहे का, एवढे प्रश्न विचारले गेले. प्रत्यक्ष गेल्यावर तिघांनाही काट्यावर उभे केले आणि नंतर कुंपणाच्या आतील रिंगणात एका म्हाताऱ्या, निवांत घोड्यावर बसवून पंधरा मिनिटे पाहिले. माझे वजन ५४ किलो आणि खोगीर, नमदा (खोगिराखालची गादी) व इतर सामान मिळून ८ किलो. घोडीचे वजन छातीच्या घेराला फीत लावून साधारण ३६० किलो काढलेले होते. म्हणजे तिच्या पाठीवर तिच्या वजनाच्या सुमारे १७ टक्के भार येणार होता. पूर्ण वाढ झालेल्या घोड्यासाठी सर्वसाधारणपणे २० टक्क्यांची मर्यादा सांगितली जाते, परंतु तरुण घोड्यांसाठी या केंद्राने स्वतःहून १८ टक्क्यांची मर्यादा घालून घेतली आहे. आमच्यातील एक गृहस्थ तीत बसत नव्हते. त्यांना सौजन्याने, पण ठामपणे मोठा घोडा देण्यात आला, आणि त्यांनीही ते मोकळ्या मनाने मान्य केले. ग्राहक नाराज होईल या भीतीने अशा वेळी डोळेझाक करणारी ठिकाणे मी पाहिली आहेत, म्हणून याची मुद्दाम नोंद करते.

माझ्या वाट्याला आलेली घोडी मारवाडी जातीची, कुमाईत (तांबूस तपकिरी) रंगाची, कपाळावर बोटभर पांढरा ठिपका असलेली. तिचे नाव रेवा. मारवाडी घोड्यांच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडू पाहतात. खोगिरावरून पाहताना त्या दोन कानांची एक कमान दिसते आणि पुढची वाट त्या कमानीतून पाहावी लागते. वय चार वर्षे असे सांगितले होते, पण प्रशिक्षिकेने केवळ सांगण्यावर न थांबता तिचा ओठ अलगद उचलून दात दाखवले. पुढच्या दातांपैकी मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पक्की होते, तिच्या शेजारची जोडी साडेतीन वर्षांच्या सुमारास आणि कडेची साडेचार वर्षांच्या सुमारास. रेवाचे कडेचे दात अजून दुधाचे, लहान आणि गुळगुळीत होते. त्या बोटभर जागेत तिचे अजाण वय इतके स्पष्ट दिसत होते की तिच्याकडून अमुकच वागणुकीची अपेक्षा धरण्याचा माझा विचार तेथेच मावळला. घोड्याच्या पायांच्या खालच्या भागातील हाडांची वाढ लवकर पूर्ण होते, परंतु पाठीच्या मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते. म्हणून या वयात थोडा वेळ, हलका भार आणि सपाट वाट एवढेच तिला झेपते, असे प्रशिक्षिकेने सांगितले. शर्यतीचे घोडे दोन वर्षांचे असतानाच धावपट्टीवर उतरतात, हे मनात आल्याखेरीज राहिले नाही.

येथे माझी पहिली आणि मुख्य तक्रार नोंदवते. सत्र सकाळी साडेसहाचे ठरले होते आणि आम्ही तिघेही सव्वासहाला हजर होतो, परंतु प्रत्यक्षात निघालो ते सात वाजून वीस मिनिटांनी. पुढे चालणारा अनुभवी घोडा बादल हा पहाटेपासून एका जोडप्याच्या लग्नापूर्वीच्या छायाचित्रणासाठी दिलेला होता, आणि ते काम लांबले. केंद्राने दुसरे उत्पन्नही मिळवावे, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु ज्या घोड्याच्या शांतपणावर दोन तरुण घोड्यांची आणि तीन स्वारांची सुरक्षितता अवलंबून आहे, त्याला तासभर डोक्यावर घरघरणाऱ्या ड्रोनखाली उभा करून लगेच आमच्या पुढे आणणे योग्य नव्हते. बादल परत आला तेव्हा तो वारंवार शेपटी झटकत होता आणि त्याच्या मानेवर घाम होता. मोतद्दाराने त्याला दहा मिनिटे नुसते हाताने फिरवले, तेव्हा कुठे तो निवळला. उशिराचा खरा परिणाम मात्र परतीच्या वाटेवर भोगावा लागला, त्याविषयी पुढे लिहीतच आहे.

त्या पाऊण तासाचा प्रशिक्षिकेने केलेला उपयोग मात्र मला मनापासून आवडला. तिने आम्हाला खुर्च्यांवर बसवून न ठेवता आपापल्या घोड्याजवळ नेले. मोतद्दारांना तेथे सगळेच मामा म्हणतात, तेहतीस वर्षे पागेत काढलेल्या या माणसाने माझ्या हातात खरारा (अंग घासायचा ब्रश) दिला आणि म्हणाले, "ताई, आधी खांद्यापाशी उभ्या राहा, तिला तुमचा वास घेऊ द्या, मग हात लावा." घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते, पण कपाळाच्या थेट पुढे आणि शेपटीच्या थेट मागे त्याच्या दृष्टीला आंधळा पट्टा राहतो. म्हणून त्याच्याकडे नेहमी तिरके जावे आणि मागून वळसा घालायचा तर अंगावर हात ठेवून, बोलत जावे. हे मला ठाऊक होते, परंतु रेवाच्या बाबतीत ते करून पाहिले तेव्हा हात उचलताच तिची कातडी कशी थरथरते आणि पुन्हा टेकताच कशी शांत होते, हे बोटांना जाणवले. खूर साफ करताना मामांनी तळाचा मऊ त्रिकोणी भाग दाखवून आकडा नेहमी टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवायला सांगितले. मुळशीच्या वाटांवर मुरूम आणि काळ्या दगडाची खडी फार. एक खडा नालेच्या आत अडकला तरी घोडी लंगडू शकते. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, त्यांनी एकदम आवळला नाही. आधी सैल बांधला, तिला दहा पावले चालवले, एक भोक आवळला, पुन्हा चालवले, आणि तिसऱ्या वेळी पक्का केला. पहिल्याच महिन्यात तंगाची धास्ती बसली तर जन्मभर खोगीर पाहताच घोडा पोट फुगवतो, असे त्यांचे सांगणे होते.

निघताना क्रम असा होता: पुढे बादल आणि त्यावर प्रशिक्षिका, मागे रेवा, तिच्या मागे मोठ्या घोड्यावरील ते गृहस्थ, शेवटी दुसरी तरुण घोडी, आणि मामा पायी. घोडा हा कळपात राहणारा प्राणी असल्याने पुढचा शांत असला की मागच्याला धीर येतो. पहिला अर्धा तास माझ्याकडून अपेक्षित होते ते एवढेच, की लगाम हातात ठेवावा पण ओढून धरू नये, मांड सैल ठेवावी आणि श्वास रोखू नये. हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे. करंजाच्या झाडाखालून अचानक लाव्यांचा थवा भर्रकन उडाला तेव्हा माझे हात आपोआप छातीशी आले, आणि त्याबरोबर रेवानेही मान वर टाकली. प्रशिक्षिकेने मागे न पाहताच सांगितले, "हात पुढे, ताई. ती लाव्यांना घाबरली नाही, तुमच्या हातांना घाबरली." मी हात पुढे नेले आणि दोन पावलांत तिची मान पुन्हा खाली आली. या एका वाक्यासाठीही मी शुल्क भरले असते.

गावाच्या वेशीवर जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीला कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स लावला होता. त्याची खालची दोरी तुटलेली होती आणि वाऱ्याबरोबर तो फडफड वाजत होता. पुण्याच्या परिसरात घोडा शिकवायचा तर फ्लेक्सची सवय ही करावीच लागते, असे प्रशिक्षिका म्हणाली, आणि तिने आम्हाला तेथून घाईने पुढे नेले नाही. तीस पावलांवर थांबलो. रेवाचे दोन्ही कान फ्लेक्सवर खिळले होते आणि नाकपुड्या फुलल्या होत्या. तिने एक पाऊल टाकले की लगाम आणखी सैल सोडायचा, ती थांबली की तिला थांबू द्यायचे, मागे वळू लागली तर तेवढे मात्र वळू द्यायचे नाही. या रीतीने पाच-सहा मिनिटांत आम्ही फ्लेक्सजवळून गेलो. परत येताना तोच फ्लेक्स दुसऱ्या बाजूने आला तेव्हा ती पुन्हा बुजली, जणू तो तिने कधी पाहिलाच नव्हता. पुन्हा तितकाच वेळ दिला.

या रपेटीचा गाभा म्हणजे ओढा. पावसाळा संपून दोन महिने झाले होते, त्यामुळे पाणी घोट्याएवढेच होते, पण काठावर उतार होता आणि पाण्यावर आकाश चमकत होते. घोड्याला पाण्याचा तळ दिसत नसेल तर ते किती खोल आहे याचा अंदाज येत नाही. त्याच्या लेखी ते एक चमकणारे, हलणारे भोक असते. बादल सरळ पार गेला आणि पलीकडे उभा राहिला. रेवा काठावर थबकली. तिचे पुढचे दोन खूर ओल्या मातीत रुतले, मागचे पाय आखडले, आणि पाठीखाली तिचे सगळे अंग ताठ झालेले मला मांड्यांना कळत होते. माझ्या सवयीने मी टाच लावणार होते. प्रशिक्षिकेने पलीकडून हात वर करून मला थांबवले.

आम्ही तेथे सात मिनिटे उभे होतो. मी घड्याळ पाहिले म्हणून मला माहीत आहे. नाहीतर मी अर्धा तास सांगितला असता. मला दिलेली सूचना अशी होती: तिचे तोंड पाण्याकडे राहू द्या, पोटऱ्यांचा अगदी हलका दाब ठेवा, आणि ती पाण्याच्या दिशेने काहीही करील, मग ते नुसते मान खाली घालणे का असेना, त्याच क्षणी दाब काढून घ्या. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. तो सुटण्याचा क्षण अर्ध्या श्वासाने जरी चुकला तरी आपण भलतेच शिकवून बसतो. पहिले दोन क्षण माझ्या हातून चुकले. तिसऱ्या वेळी तिने मान खाली नेली, पाण्यावर जोराने फुरफुरली आणि तेवढ्याने पाण्यावर उठलेल्या तरंगांकडे पाहत राहिली. मी पाय सैल सोडले. तिने जीभ बाहेर काढून ओठ चाटले, जबडा हलवला, एक लांब श्वास सोडला. तो श्वास मला खोगिराखालून वर आल्यासारखा जाणवला. मग तिने उजवा खूर उचलून पाण्यात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, आणि त्याच खुराने पाणी दोन-तीनदा खणले; माझ्या बुटांवर गार शिंतोडे उडाले. त्यानंतर ती निघाली ती थेट पलीकडे, आणि बादलजवळ जाऊन तिने त्याच्या खांद्याला नाक लावले. मामा पाण्यात गुडघ्यापर्यंत पायजमा दुमडून उभे होते. ते म्हणाले, "आता परत अलीकडे नेऊ नका. आज एवढंच. तिला हे गोड लागलेलं राहू द्या."

मी यापूर्वी ज्या एका ठिकाणी शिकले, तेथे अशा घोड्याला मागून दोघांनी दोरी लावून आणि चाबूक वाजवून पाण्यात घातलेले मी पाहिले आहे. तो घोडाही पार गेला होता, आणि दोन मिनिटांत गेला होता. पण पुढच्या आठवड्यात ओढ्याच्या शंभर पावले अलीकडेच तो उधळला, आणि त्याच्यावरच्या मुलीचे मनगट मोडले. ती मुलगी माझी मैत्रीण आहे आणि ती पुन्हा कधी घोड्यावर बसली नाही. रेवाच्या पाठीवरच्या त्या सात मिनिटांत मला सारखी या मैत्रिणीचीच आठवण येत होती.

ओढ्यापलीकडच्या माळावर तरुण घोडीला शंभरेक पावले सर्वांच्या पुढे चालवण्याचा सराव झाला. पुढे कोणी नसताना वाट काढणे हा तिच्यासाठी निराळाच धडा असतो, आणि तिने तो कान सतत पुढे-मागे हलवत, पण न थांबता पूर्ण केला. चढावर पुढे झुकून तिची पाठ मोकळी ठेवणे आणि उतारावर मागे न रेलता सरळ बसणे, हे दोन्ही प्रशिक्षिकेने प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे करून घेतले. दुडकीबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. ती सपाट जागी, थोडकी आणि बेताची झाली.

परतीच्या वाटेवर उशिराची किंमत मोजावी लागली. ठरल्या वेळी निघालो असतो तर डांबरी रस्त्याचा चारशे मीटरचा तुकडा आम्ही साडेआठच्या आत ओलांडला असता. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा सव्वानऊ वाजले होते आणि खडीचे डंपर सुरू झाले होते. एक डंपर आमच्याजवळून वेग कमी न करता गेला. रेवा आडवी सरकली, तिचा मागचा खूर डांबरावर घसरला आणि नालेचा खणकन आवाज झाला. ती पडली नाही, मीही पडले नाही. मामांनी मोहरकीची (घोड्याच्या तोंडावर बांधलेल्या पट्ट्यांची) दोरी तत्काळ हातात घेतली होती, कारण लगामाखाली मोहरकी आणि दोरी ठेवण्याची येथे शिस्तच आहे. नंतर आम्ही सर्व जण उतरून तो तुकडा पायी चाललो. प्रशिक्षिकेने तेथेच, सर्वांसमोर, चूक आपली असल्याचे सांगितले आणि अशा वेळी सत्र रद्द करायला हवे होते हेही मान्य केले. तिच्या प्रामाणिकपणाचा मला आदर वाटतो. तरीही लिहिणे भाग आहे, की निर्णय निघण्यापूर्वी व्हायला हवा होता. तीन तास कष्टाने घडवलेला विश्वास एका डंपरसमोर पणाला लावला गेला.

फाटकाच्या दोनशे पावले अलीकडे पुन्हा थांबलो. घराकडे तोंड झाले की घोडा पाय उचलतो, आणि ती खोड तरुणपणी लागली तर पुढे आवरत नाही. तंग दोन भोके सैल करून, घोडीच्या शेजारी चालत आत गेलो. खोगीर उतरवल्यावर मामांनी मला तिच्या पाठीवरील घामाचा ठसा पाहायला लावला: दोन्ही बाजूंना सारखा ओला आणि मधल्या कण्यावर कोरडी पट्टी, म्हणजे खोगीर नीट बसले होते. ओल्या भागात एखादा कोरडा ठिपका राहिला असता तर तेथे खोगीर दाबते आहे अशी शंका घ्यावी लागली असती. मग जबड्याखालच्या धमनीवर बोटे ठेवून पंधरा सेकंद मोजायचे आणि चाराने गुणायचे. पहिल्यांदा ५६ ठोके आले, दहा मिनिटांनी ४०. विश्रांतीच्या अवस्थेत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात, म्हणजे तिला श्रम झाले होते पण ती दमली नव्हती. पाणी, नंतर कडबा, आणि बऱ्याच वेळाने तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या पिशवीत) चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, असा क्रम होता. या अर्ध्या तासातून लवकर निघून जाण्याची मुभा असते. माझे सांगणे आहे की निघू नये.

सोयींबद्दल थोडक्यात. स्वच्छतागृह साधे पण स्वच्छ आहे, चहा-पोहे शुल्कात धरलेले आहेत, आणि कोथरूडहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट मार्गे पहाटे तास-सव्वा तास पुरतो. परतताना पिरंगुटच्या वाहतुकीत दुप्पट वेळ लागला. शिरस्त्राणांची अवस्था मात्र असमाधानकारक आहे. मला मिळालेल्या शिरस्त्राणाचे आतील अस्तर सुटलेले होते आणि हनुवटीचा पट्टा एकाच बाजूने घट्ट होत होता. मी ते बदलून मागितले, तर दुसरे एक माप मोठे निघाले. ज्या ठिकाणी घोडीच्या तंगाची तीनदा तपासणी होते, तेथे स्वाराच्या डोक्याकडे असे दुर्लक्ष व्हावे, याचे मला वाईट वाटले. जानेवारीत मी माझे स्वतःचे शिरस्त्राण नेले. केंद्रातील तोपर्यंत बदललेली नव्हती. टाच असलेले बूटही स्वतःचेच न्यावेत, कारण सपाट तळाच्या बुटातला पाय रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) आरपार जाऊ शकतो.

जानेवारीतील सत्र ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी सुरू झाले आणि डांबरी रस्ता आम्ही आठच्या सुमारास ओलांडला. फ्लेक्स बदललेला होता, माणूस दुसरा होता. रेवाने त्याच्याकडे एक कान वळवला आणि चालत राहिली. ओढ्यावर मी आधीपासूनच थांबण्याच्या तयारीने मांड सैल केली होती, पण ती थांबलीच नाही. ती बादलच्या मागे न जाता त्याच्या बाजूने पाण्यात शिरली, मधोमध स्वतःहून उभी राहिली, मान खाली घालून दोन-चार घोट पाणी प्याली, आणि ओले तोंड वर करून डोंगराकडे पाहत राहिली. प्रशिक्षिकेने कसलीच सूचना दिली नाही. मामांनी काठावरून मला फक्त हाताने खूण केली, की राहू द्या तिला.

मार्चनंतर उन्हामुळे सत्र पहाटे साडेपाचला सुरू होईल आणि पावसाळ्यात या रपेटी बंद राहतील, असे मला सांगण्यात आले, कारण तांबड्या मातीचा चिखल नालेखाली फार निसरडा होतो आणि तेव्हा गोमाश्याही घोड्यांना हैराण करतात. नाव नोंदवणाऱ्यांनी आठवड्याच्या मधला दिवस मागावा, बादल त्या दिवशी दुसऱ्या कोणत्या कामाला दिलेला नाही ना याची आदल्या संध्याकाळी फोन करून खात्री करून घ्यावी, आणि सकाळी अकरापर्यंत दुसरे काहीही ठरवू नये. मी फेब्रुवारीच्या दुसऱ्या बुधवारी पुन्हा जाणार आहे. रेवाला तेव्हा पहिल्यांदाच ओढ्यापर्यंत सर्वांच्या पुढे चालवायचे आहे.